जाळीतला सदरा

टॉप लोडिंग वॉशिंग मशीनच्या टबात, आतल्या बाजूला, एक छोटी जाळीची पिशवी असते. चार-सहा धुणी झाली की ती काढून उलटी करायची. हातात राखाडी, ओलसर, मऊ असा एक लगदा येतो. बहुतेक घरांत त्याला 'मळ' म्हणतात. दुकानात तर तो मळ म्हणूनच विकला जातो. "बघा काका, दुसऱ्या मशीनमध्ये हा मळ कपड्यांवरच राहतो, यात सगळा जाळीत येतो," असं एका दुकानातल्या मुलाने मला अगदी मनापासून सांगितलं होतं.

माझं म्हणणं साधं आहे. तो मळ नाही. मळ म्हणजे घाम, तेल, धूळ. तो साबणाच्या पाण्यात सुटतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. जाळीत थोडे केस असतात, खिशात राहिलेल्या बसच्या तिकिटाचे कण असतात, पण बाकी जे अडकतं ते सूत असतं. तुमच्या सदऱ्याचं, मुलीच्या युनिफॉर्मचं, आईच्या सुती साडीचं. मशीन दर आठवड्याला आपल्या हातात कपडे झिजवल्याचा पुरावा देतं आणि आपण म्हणतो, वा, काय स्वच्छ धुतं!

गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो. मी वॉशिंग मशीनच्या विरोधात नाही. आमच्या घरी धुण्याचं खातं गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे मशीन बंद पडलं की काय होतं ते मला नीट माहीत आहे. 'हाताने धुतलेल्याची सर मशीनला नाही' असं उसासा टाकून म्हणणारे जे पुरुष असतात, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदाही डबल बेडची ओली चादर पिळलेली नसते. धुण्याच्या दगडापाशी वाकून ज्यांच्या कंबरा गेल्या त्या बायका होत्या आणि मशीनने त्यांची सुटका केली. ती सुटका मला हवीच आहे. तिची किंमत कपड्याने किती मोजायची, आणि ती किंमत आपल्याला कोणी सांगायची की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता थोडं शास्त्र. (कंटाळू नका, कामाचं आहे.)

हर्बर्ट झिनर नावाचा एक जर्मन रसायनतज्ज्ञ हेंकेल कंपनीत होता. १९५९ मध्ये त्याने धुण्याचं सगळं गणित एका वर्तुळात मांडलं. कपडा स्वच्छ होतो तो चार गोष्टींनी: रसायन म्हणजे साबण किंवा पावडर, उष्णता, वेळ, आणि यांत्रिक हालचाल म्हणजे चोळणं-आपटणं. यातली एक कमी केली की उरलेल्या वाढवाव्या लागतात. पालखीसारखं आहे हे. चौघांपैकी एकाने खांदा काढला की उरलेल्या तिघांवर भार येतो.

आता आपल्याकडचं नेहमीचं टॉप लोड मशीन बघा. उष्णता? बहुतेकांत हीटरच नसतो. नळाला जे पाणी येतं त्यातच धुणं. वेळ? 'अर्ध्या तासात धुणं तयार' ही तर जाहिरातच असते. सेमी ऑटोमॅटिकचा धुण्याचा टायमर साधारण पंधरा मिनिटांपुढे जात नाही. रसायन? पावडर वाढवली तर ती नीट खळबळून निघत नाही. शिवाय पाणी बोअरचं असेल तर ते जड असतं, त्यात निम्मी पावडर पाण्याशीच झगडण्यात जाते. म्हणजे चारांपैकी तिघांनी खांदा काढला. उरला एकच भोई, चोळणं. सगळी पालखी त्याच्या खांद्यावर, आणि तो चालतोय तुमच्या कपड्यांवरून.

हे असं का झालं त्याला इतिहास आहे. अमेरिकेत मेटॅग कंपनीने १९२२ मध्ये टबाच्या तळातून फिरणारा, पंख असलेला खांब, म्हणजे ॲजिटेटर, घालून मशीन विकायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक दशकं तिथल्या घराघरांत तेच चाललं. ब्रिटनमध्ये हूव्हर कंपनीने १९४८ मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिल इथे कारखाना काढला. तिथल्या छोट्या मशीनमध्ये खांब नव्हता, टबाच्या एका बाजूला बसवलेली तबकडी होती. तीच पल्सेटर. जपानच्या सान्यो कंपनीने ती कल्पना उचलली आणि १९५३ मध्ये आपलं मशीन बाजारात आणलं. लहान घरं, थंड पाण्यात धुण्याची सवय आणि स्वस्त यंत्राची गरज, या तिन्हींत ते चपखल बसलं. पुढे तबकडी बाजूवरून तळाशी गेली आणि आशियाभर पसरली. आपल्याकडे व्हिडिओकॉनच्या जाहिरातीचं गाणं दूरदर्शनवर लागायचं तेव्हा मध्यमवर्गाच्या घरात जे मशीन शिरलं ते याच घराण्यातलं. घराणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा मूळ हेतू 'कमी खर्चात, थंड पाण्यात, पटकन' हा होता. कपडा किती वर्षं टिकेल हा प्रश्न त्यात फार वरच्या क्रमांकावर कधीच नव्हता.

ही तबकडी नेमकं काय करते? तिच्यावर उंचवटे असतात. ती थोडा वेळ उजवीकडे फिरते, थांबते, मग डावीकडे. पाणी घुसळलं जातं आणि पाण्याबरोबर कपडे फिरतात, एकमेकांवर घासतात, तबकडीवर घासतात, टबाच्या भिंतीवर घासतात. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा असतो. तो कपडे वर उचलतो आणि खाली सोडतो. तिथे मुख्य काम पडण्याचं, इथे मुख्य काम घासण्याचं. एकात आपटणं, दुसऱ्यात चोळणं.

सुताचा धागा म्हणजे साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांबीच्या तंतूंना पीळ घालून केलेली दोरी. दोरीत तंतू एकमेकांना धरून असतात ते फक्त पिळामुळे. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा खरं तर मजबूत असतो, ओढून तुटत नाही. पण तो फुगलेला असतो, आणि फुगलेल्या धाग्यावर दुसरा धागा घासला की पृष्ठभागावरची टोकं उचकटतात. आज एक टोक बाहेर येतं, उद्या तो तंतू सुटून जाळीत जातो. धागा तेवढ्याने बारीक होतो. कॉलरची घडी, बाहीची कड, पँटचा गुडघा, खिशाचा कोपरा, जिथे कापड दुमडून बाहेर येतं तिथे हे आधी होतं. मराठीत याला नेमका शब्द आहे: कपडा विरतो. फाटत नाही, विरतो. एका दिवशी सदरा अंगात घालताना कोपर आरपार जातं आणि आपण म्हणतो, "हल्ली कापडच हलकं येतं."

येतही असेल हलकं, ते मी नाकारत नाही. पण कापडाला दोष देण्याआधी जाळीतला लगदा एकदा सुकवून बघावा.

लांब कपड्यांची तर आणखी वेगळी कथा. साडी, ओढणी, धोतर, चादर हे सगळं तबकडीच्या फिरण्याबरोबर वळतं आणि एकमेकांभोवती दोरखंडासारखं गुंडाळलं जातं. सदऱ्याच्या बाह्या परकराच्या नाडीत, नाडी ओढणीत, ओढणी उशीच्या अभ्र्यात. मग झाकण उघडून आपण हिसके देतो. त्या हिसक्यांत शिवणी उसवतात, बटणं जातात, साडीचे काठ ताणले जातात आणि इस्त्री केली तरी काठ सरळ बसत नाही. हा दोषही शेवटी धुणाऱ्याच्या नावावर जमा होतो. "तुला नीट काढता येत नाहीत कपडे." अहो, ज्याने गाठी मारल्या त्याला विचारा की!

आणि रेयॉन. बाजारात 'कॉटनसारखा मऊ' म्हणून जो कुर्ता मिळतो तो पुष्कळदा रेयॉनचा असतो. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस. ते सुताच्या बरोब्बर उलटं वागतं. सूत ओलं झालं की बळकट होतं. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणजे कापड सगळ्यात दुबळं असतं नेमकं तेव्हाच आपण त्याला तबकडीवर सोडतो. महिनाभरात कुर्त्याला काखेत भोक पडलं तर शिंप्याशी भांडून उपयोग नाही.

हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत असं वाटत असेल तर एक अभ्यास सांगतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी सिंथेटिक जाकिटं दोन्ही प्रकारच्या मशीनमध्ये धुतली आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातले तंतू गाळून तोलले. टॉप लोडमधून निघालेल्या तंतूंचं वजन फ्रंट लोडच्या साधारण सातपट भरलं. ती मशीन अमेरिकेतली, जाकिटं पॉलिएस्टरची, त्यामुळे सातपट हा आकडा आपल्या सदऱ्याला जसाच्या तसा लावू नये. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळायला तो पुरेसा आहे. आणि ते तंतू कुठे जातात? आपली जाळी पकडते ती मोठी पिंजण. बारीक सगळं गटारात, गटारातून नदीत. पुण्यातला माणूस मुळा-मुठेबद्दल तावातावाने बोलत असतो तेव्हा त्याच्या मशीनची नळीही त्याच दिशेने सुटलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, मग फ्रंट लोड घ्या, विषय संपला. इतका सोपा नाही तो. फ्रंट लोड महाग. त्याला पाण्याचा दाब लागतो. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्याला तो मिळतोच असं नाही. पाणी तासभर येणाऱ्या गावात बादलीने टब भरून चालतं ते टॉप लोड, त्यातही सेमी ऑटोमॅटिक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून कपडे काढणं म्हणजे पुन्हा तोच दगड. शिवाय फ्रंट लोडही काही देव नाही. तासन् तास, गरम पाण्यात, वर हजार-बाराशे फेऱ्यांचा स्पिन. गरम पाण्याने रंग उतरतात, आणि जोरात पिळलेल्या कपड्यांना चुण्या अशा पडतात की इस्त्रीवाल्याचं बिल वाढतं. ज्याला परवडतं, ज्याच्याकडे पाणी आहे, त्याने जरूर घ्यावं. पण देशातल्या मोठ्या वर्गाला 'तुमचं मशीन चूक आहे, दुप्पट पैसे टाका' हा सल्ला देणं म्हणजे भाकरी महाग झाली तर केक खा म्हणण्यापैकी आहे. टॉप लोड राहणार आहे. म्हणूनच ते सुधारलं पाहिजे, आणि सुधारायचं तर ते बनवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

दुसऱ्या बाजूने जुन्या काळाचे भक्त येतात. त्यांनाही उत्तर देतो. दगडावर धोपटलेले कपडे झिजत नव्हते का? झिजत होते, बटणं फुटत होती, ब्रशने कॉलरी पांढऱ्या पडत होत्या. पण हाताला एक गोष्ट कळत होती जी तबकडीला कळत नाही. कॉलरला ब्रश, बाहीला नुसता साबण, मलमलला फक्त चुबकणं. एकाच धुण्यात चार कपड्यांना चार तऱ्हेची वागणूक मिळायची. मुख्य म्हणजे हात आधी भिजवून ठेवत. रात्री बादलीत कपडे भिजत घालायचे, सकाळी धुवायचे. झिनरच्या वर्तुळातला 'वेळ' हा भोई आपल्या आज्यांनी बरोबर कामाला लावला होता. त्याला ना वीज लागते, ना घर्षण. तो फुकट आहे. आणि नेमका तोच आपण 'क्विक वॉश'च्या नावाखाली घालवला.

इथे माझ्या मूळ तक्रारीवर येतो. आपल्या रोजच्या कपड्यांना चिखल लागलेला नसतो. आपण उकाड्यामुळे कपडा एकदा घातला की धुवायला टाकतो. त्यात असतो घाम आणि रस्त्यावरची धूळ. घामातलं मीठ पाण्यात विरघळतं. उरलेल्या तेलकटपणाला पावडर आणि थोडा वेळ दिला की तोही बराचसा सुटतो. पण मशीनचं बटण दाबलं की आपोआप काय लागतं? 'नॉर्मल'. आणि हे नॉर्मल ठरवलंय ते मळलेल्या ढिगाचा विचार करून. मशीन पाण्याची पातळी ठरवतं तेही वजनावरून: टब कोरडा असताना तबकडी थोडी हलवून बघतं किती जोर लागतो, आणि अंदाज बांधतं. ढिगात जीन्स आहे की महेश्वरी साडी आहे हे त्याला कळायची सोय नाही. ढीग किती मळलाय हेही कळायची सोय बहुतेकांत नाही. म्हणजे दिवसभर ऑफिसच्या एसीत बसलेल्या सदऱ्याला गॅरेजमध्ये काम केलेल्या पँटइतकाच मार. शाळेत सगळ्या वर्गाला छडी मारणारे एक मास्तर असायचे ना, तसं.

कोणी म्हणेल, बारा प्रोग्राम दिलेत की, वापरा. किती घरांत वापरले जातात? कपडे लावणारा माणूस घाईत असतो, चष्मा दुसऱ्या खोलीत असतो, आणि पॅनेलवरची बारीक अक्षरं इंग्रजीत असतात. अनेक घरांत मशीन लावतात त्या कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना कोणी तरी एकदा दोन बटणं दाखवलेली असतात, तीच त्या दाबतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. यंत्र सुरू केल्यावर जे आपोआप घडतं तेच खरं यंत्र. बाकीचे अकरा प्रोग्राम पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापण्यासाठी असतात. म्हणून माझी पहिली मागणी: आपोआप लागणारा प्रोग्राम आधी भिजवणारा, मग कमी घुसळणारा असावा, आणि चिखलाचे कपडे असतील तेव्हा माणसाने मुद्दाम 'जोरात' हे बटण दाबावं. यासाठी एकही नवीन सुटा भाग लागत नाही. आतल्या सूचना बदलायच्या आहेत फक्त.

बटणांच्या नावांवरही विसंबून राहू नका. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात पॉलिएस्टरचे कपडे 'डेलिकेट' प्रोग्रामवर धुतले तेव्हा साध्या प्रोग्रामपेक्षा जास्त तंतू सुटले, कारण त्या प्रोग्राममध्ये पाणीच खूप जास्त होतं. नाव नाजूक, काम उलटं! म्हणजे 'जेंटल', 'सॉफ्ट', 'हँड वॉश' हे शब्द छापून कोणालाही मोकळं होता येत असेल तर ते शब्द काही सांगत नाहीत. आकडा हवा.

आणि आकडा काढता येतो, हेच तर मला सगळ्यात जास्त खटकतं! डेन्मार्कमध्ये यासाठी एक खास सुती तुकडा तयार होतो. त्याला पाच गोल भोकं पाडलेली असतात, आणि कडांना शिवण नसते. तो इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचा. धुऊन झाल्यावर भोकांच्या कडेचे किती धागे सुटले ते मोजायचे. जास्त धागे सुटले तर मशीन जास्त घासतं. बस्स, इतकं सोपं. मशीन बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळांत ही चाचणी माहीत नाही असं होऊच शकत नाही. मग आपल्याला तिचा निकाल का दिसत नाही? आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१९ मध्ये वॉशिंग मशीनसाठी स्वेच्छेने लावायचं स्टार लेबल आणलं, ते विजेचा हिशेब देतं. युरोपात २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर वीज, पाणी, स्पिन आणि आवाजसुद्धा असतो. आवाज किती होतो ते छापतात, कपडा किती झिजतो ते नाही! दुकानात तर आपण मशीन किलोवर घेतो, बटाट्यासारखं. साडेसहा, सात, आठ किलो. हे किलो म्हणजे कोरड्या कपड्यांची कमाल मर्यादा; पण आपण ती रोजची क्षमता समजून टब गळ्यापर्यंत भरतो. मग तळाचे कपडे तबकडीवर रगडले जातात आणि वरचे नुसते ओले होतात.

मी घरच्या घरी एक गंमत केली. मांजरपाटाचे हातरुमालाएवढे तुकडे कापले, प्रत्येकात बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल आखला आणि कात्रीने भोक पाडलं. एक तुकडा गच्च भरलेल्या टबात, तळाशी, 'नॉर्मल'वर. दुसरा दोन तृतीयांश भरलेल्या टबात, आधी तासभर भिजवून, मग कमीत कमी घुसळणीवर. पहिल्याच्या भोकाची कड आठवड्याची दाढी वाढल्यासारखी दिसत होती. दुसऱ्याचे धागे बोटांवर मोजता येत होते. कपडे दोन्ही वेळा सारखेच स्वच्छ निघाले. निदान आमच्या घरातल्या सगळ्यात चिकित्सक नाकाला फरक कळला नाही. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, पण मांजरपाट स्वस्त आहे आणि तुमच्या मशीनची परीक्षा तुम्हाला घेता येते.

आपल्याकडे ही परीक्षा घेणारी एक व्यक्ती पूर्वी दारावर यायची, बोहारीण. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. ती लेबल बघत नसे, ब्रँड बघत नसे. सदरा दोन्ही हातांत धरून उजेडापुढे करायची. विरलेला असेल तर उजेड चाळणीतून यावा तसा यायचा, आणि पातेल्याऐवजी वाटी मिळायची. "वहिनी, यात जीव नाही राहिला," असं स्पष्ट सांगायची. कपड्यातला जीव ही मोजता येणारी गोष्ट आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण तिच्या हातातून तो कपडा पुढे कोणाच्या तरी अंगावर जाणार असायचा. जुनी लुगडी गोधडीत जायची तीही अंगात जीव असताना. आज आपण जुने कपडे सोसायटीच्या वॉचमनच्या मुलांना, मावशींना देतो आणि दिल्याचं समाधान मिळवतो. कधी देण्याआधी ते उजेडापुढे धरून बघितलेत? दहा महिने तबकडीवर घासलेला युनिफॉर्म धाकट्या भावंडाला पुरत नाही. ज्या घरात जूनमध्ये दोन युनिफॉर्मचे पैसे काढणं हाच मोठा प्रश्न असतो, तिथे मशीनचं डिझाइन हा काही एसीत बसून चघळायचा विषय राहत नाही.

आणखी एक नुकसान होतं, जे हळूच होतं. मशीनला जे सोसतं तेच आपण विकत घ्यायला लागतो. आमच्याच घरात बघतोय मी. मऊ सुती साड्या कपाटात वर गेल्या, 'धुवायला त्रास' म्हणून. रोजच्याला टेरिकॉट, पॉलिएस्टर, 'काही होत नाही त्याला' म्हणून. आपल्यासारख्या घामाच्या हवेत सुती कपडा अंगावर असावा हे ठरवायचं आपण, की मोटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या तबकडीने? हातमागावर एकेक बाणा टाकून विणलेलं कापड दोन वर्षांत लगदा होणार असेल तर ते कोण घेईल? आणि कोणी घेतलं नाही तर विणेल कोण?

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावं. कपडे उलटे करून टाकावेत, म्हणजे घासलं जातं ते आतल्या बाजूला. टब दोन तृतीयांशाच्या वर भरू नये. भिजवायला वेळ द्यावा, घुसळायला कमी. नाड्या, हुक, चेन बांधून, लावून टाकाव्यात. साडी, ओढणी, रेयॉनचे कुर्ते जाळीच्या पिशवीत घालून टाकावेत किंवा सरळ बादलीत चुबकावेत. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते पुरुषांनाही जमतं.

पण हे सगळं करताना एक विसरू नये. ही काळजी घ्यायचं काम आपल्यावर ढकललं गेलंय, कारण ज्यांच्यावर ते होतं त्यांनी ते केलं नाही. पुढच्या वेळी मशीन घ्यायला जाल तेव्हा किलो, स्टार आणि वॉरंटी विचारून झाल्यावर शांतपणे आणखी एक विचारा: "हे मशीन कपडा किती झिजवतं, त्याचा आकडा आहे का?" समोरचा गोंधळेल, कोणाला तरी फोन लावेल, उत्तर मिळणार नाही. तरीही विचारा. दहा जणांनी विचारलं तर दुकानदार कंपनीच्या माणसाला विचारेल. हजारांनी विचारलं तर तो आकडा खोक्यावर येईल, कारण किलोही असेच कोणी तरी विचारल्यामुळे छापायला लागले असणार.